अल्बममधला समुद्री प्राणी ओळखताना

भुसावळपासून समुद्र लांब. आपली तापी सुरतेच्या पुढे डुमसजवळ खाऱ्या पाण्याला मिळते, एवढाच काय तो संबंध. तरी खानदेशातल्या जुन्या ट्रंका उघडल्या की समुद्रातल्या जनावरांचे फोटो निघतात, आणि बरेच निघतात. रेल्वेची नोकरी म्हणजे पास, आणि पास म्हणजे द्वारका, पुरी, रामेश्वर. नंदुरबार-नवापूरकडची निम्मी घरं कामाधंद्याने सुरतेशी जोडलेली. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसाला किनाऱ्यावर एखादं अजस्र धूड पडलेलं दिसलं, तर तो फोटो काढणारच. कोकणातला माणूस अशा वेळी नाकाला रुमाल लावून पुढे जातो.

मी जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करते. स्टुडिओ वडिलांचा, शिक्षण माझं प्राणिशास्त्राचं. त्यामुळे कुणी पाकीट पुढे सरकवून "ताई, हाई काय शे?" विचारलं, की मला कागदाकडेही बघावं लागतं आणि प्राण्याकडेही. बहुतेक लोक थेट प्राण्यावर उडी मारतात. माझा आग्रह असा, की आधी कागद वाचा. तो कुठला, कधीचा, कुणी काढलेला हे कळलं, की समुद्रातल्या हजारो शक्यतांपैकी बहुतेक तिथेच गळतात.

आणि एक विनंती. फोटो आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. पाच मिनिटांत "जलपरी", दहा मिनिटांत "डायनासोर" आणि रात्रीपर्यंत एखाद्या मामांचा ठाम निकाल येतो. एकदा नाव कानावर पडलं की डोळा तेच बघायला लागतो.

कागदापासून सुरुवात

फोटो अल्बममधून ओढून काढू नका. काळ्या जाड पानांवर कोपऱ्यांत अडकवलेला असेल तर सहज निघतो. चिकटवलेला असेल तर पानासकट स्कॅन करा. शेजारचे फोटोही त्याच वेळी घ्या, कारण पानावरचे सोबती बरंच बोलतात. आमच्या भागातल्या अल्बममध्ये कधी कधी १९३६ च्या फैजपूर काँग्रेसचा फोटो सापडतो, आणि त्याच्या आसपासची पानं साधारण त्याच काळातली असतात. साधारणच म्हणते आहे, कारण सुना आल्या की अल्बम पुन्हा लावले जातात.

स्कॅन १२०० डीपीआयवर करा. जुने फोटो लहान असतात. १२० च्या रोलमधून थेट छापलेला चौकोनी फोटो जेमतेम सहा सेंटिमीटरचा, त्यातला प्राणी अंगठ्याएवढा. १२०० वर त्याच फोटोची रुंदी २८०० पिक्सेलच्या वर जाते आणि मग शेपटी बघता येते. निगेटिव्ह असेल तर नशीब उघडलं, ती २४०० किंवा जास्तवर घ्या. फाइल टिफमध्ये ठेवा. मोबाइलने फोटोचा फोटो काढायचाच असेल तर खिडकीशी, सावलीत, फोन अगदी समांतर धरून काढा. तिरका धरलात तर प्राण्याची लांबी-रुंदी तिथेच बिघडते.

मग पाठीमागची बाजूही तशीच स्कॅन करा. लोक ही बाजू विसरतात आणि सगळी माहिती तिथेच असते. पेन्सिल पुसट झाली असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, कागदाला जवळजवळ टेकवून धरा. दाबून लिहिलेल्या रेघांच्या सावल्या दिसतात. मोडीत लिहिलं असेल तर गल्लीतल्या एखाद्या वयस्कर गुरुजींना गाठा.

फोटो ‘एचडी’ करून देणारी किंवा रंग भरून देणारी ॲप्स मात्र या कामात वापरू नका. त्यांना जिथे काही दिसत नाही तिथे ती अंदाजाने भरतात. वाळूवर पडलेल्या ओल्या गोणपाटाला अशा ॲपने डोळा लावून दिलेला मी पाहिला आहे, पापणीसकट. आजोबांच्या चेहऱ्यासाठी कुणाला ते चालत असेल, ओळख पटवायच्या प्राण्याला चालत नाही. उजेड-काळोख कमी-जास्त करा, तोही प्रतीवर. एक डार्करूमची सवय उपयोगी पडते: स्कॅन उलटा करून निगेटिव्हसारखा बघा. काळ्या भागात बुडालेली पराची कड कधी कधी पांढऱ्यात उठून येते. फोटो खालचा वर करून बघणंही चांगलं. ओळखीचा आकार मोडला की डोळा नव्याने बघतो.

तारीख कशी काढायची

पाठीवरचा शिक्का वाचा. पत्त्यात पिनकोड असेल तर तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. "पूर्व खानदेश" किंवा "पू. खा." असेल तर १९६० च्या आधीचा, त्यानंतर जिल्हा जळगाव झाला. पत्त्यात "जि. नंदुरबार" आलं तर १ जुलै १९९८ नंतरचा. किंमत आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची, आणि "न. पै." दिसले तर त्या तारखेनंतरच्या काही वर्षांतली. "मद्रास राज्य" लिहिलं असेल तर १९६९ च्या आधीचं. नक्षीदार कातरलेल्या कडा दिसल्या की लोक लगेच "ब्रिटिश काळातला" म्हणतात. त्या कडा साठच्या दशकातही चालू होत्या.

हे सगळं जरा सावधपणेच घ्या. शिक्का रबर झिजेपर्यंत वापरला जातो. आमच्या दुकानात "पू. खा." लिहिलेला शिक्का जिल्ह्याचं नाव बदलल्यावरही कित्येक वर्षं चालला, वडील म्हणायचे पोस्टमनला कळतंय ना. शिवाय शिक्का छापणाऱ्याचा असतो, काढणाऱ्याचा नाही. रामेश्वरला काढलेला रोल घरी येऊन भुसावळला धुतला जातो, म्हणून शिक्क्यावरच्या गावाला समुद्र नसला तरी गोंधळू नका.

याच टप्प्यावर फोटो उलटा छापलाय का ते तपासा. निगेटिव्ह उलटी ठेवली की डावं उजवीकडे जातं. फोटोतली पाटी वाचून बघा, पुरुषाच्या शर्टाची बटणपट्टी कुठल्या बाजूला आहे ते बघा, घड्याळ कुठल्या मनगटात आहे ते बघा. बहुतेक प्राण्यांत याने बिघडत नाही. चपट्या माशांत बिघडतं. लेप आणि त्याच्या भाऊबंदांत दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात, ते डावीकडे की उजवीकडे यावर कूळ ठरतं. उलटा छापलेला लेप वेगळ्याच कुळात जाऊन बसतो.

रंगाबद्दल थोडं. वडिलांच्या डार्करूममध्ये लाल दिवा असायचा, कारण फोटोच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मही तशीच, तिला लाल दिसत नाही आणि निळा जरा जास्तच उजळ दिसतो. त्यामुळे तांबोशीसारखा लालभडक मासा तिच्यात काळपट येतो आणि निळसर पाठ फिकी. जुन्या कृष्णधवल फोटोतल्या "काळ्या" आणि "पांढऱ्या" प्राण्यावर विसंबू नका. ठिपके, पट्टे, डाग यांची मांडणी मात्र टिकते. रंग सोडा, नक्षी धरा.

शेपूट आडवी की उभी

आता प्राणी. इथे मी खूप वेळ देते आणि बाकीच्यांनीही द्यावा.

पहिला प्रश्न शेपटीचा. माशाची शेपूट उभी असते आणि डावी-उजवी हलते, मग तो बांगडा असो की भलीमोठी मोरी, म्हणजे शार्क. देवमासा, डॉल्फिन, डुगाँग (समुद्री गाय) यांची शेपूट आडवी, वर-खाली हलणारी. ते सस्तन प्राणी. मेलेलं जनावर कुशीवर लोळलेलं असेल तर उभी शेपूट आडवी वाटते, म्हणून शेपूट नेहमी पाठीच्या रेषेशी ताडून बघा. पाठीवर पर असेल तर सोपं: शेपटीचा पंखा त्याच पातळीत असेल तर मासा, काटकोनात असेल तर सस्तन.

दुसरा प्रश्न कल्ल्यांचा. डोक्यामागे एकामागे एक पाच फटी दिसल्या तर शार्क किंवा पाकटाचा, म्हणजे पंखासारख्या रुंद परांच्या चपट्या माशांचा, गोतावळा. शार्कच्या फटी बाजूला, पाकटाच्या पोटाकडे. एकच झाकण असेल तर हाडांचा मासा. काहीच नसेल आणि डोक्यावर नाकपुडी असेल तर सस्तन.

करवत मासा फोटोत लगेच ओळखू येतो, पण त्याला शार्क म्हणू नका. त्याच्या कल्ल्यांच्या फटी खाली, पोटाकडे असतात. तो पाकटाच्या बाजूचा. त्याची करवत स्पष्ट असेल तर अजून एक पाऊल जाता येतं. करवतीचे दात थेट डोक्यापर्यंत पोचत असतील तर तो प्रिस्टिस वंशातला, आणि डोक्याजवळचा भाग बिनदाताचा असेल तर अरुंद करवतीचा ॲनॉक्सिप्रिस्टिस. मला अशा फोटोंचा फार आनंद होतो, कारण इतकं ठाम काही सहसा सांगता येत नाही.

सुरत-वेरावळकडचे फोटो आले की मी ठिपके शोधते. अंगभर पांढरे ठिपके, तोंड डोक्याच्या अगदी पुढच्या टोकाला आणि रुंद, अंगावर लांबच लांब उभार, शेपूट उभी: हा व्हेल शार्क, जगातला सगळ्यात मोठा मासा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याची एके काळी मोठी शिकार व्हायची. यकृताचं तेल होड्यांना लावत. २००१ मध्ये कायद्याने ती बंद झाली. घरचे त्याला हमखास "देवमासा" म्हणतात, आणि फोटोच्या मागेही तसंच लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याने जे ऐकलं ते लिहिलं. फोटोमागच्या ओळीतलं गाव आणि साल बहुधा खरं असतं, प्राण्याचं नाव बहुधा नाही.

खऱ्या देवमाशाच्या फोटोत दोन गोष्टी लोकांना चकवतात. मेल्यावर आत वायू साठतो आणि हनुवटीखालची घड्यांची कातडी प्रचंड फुगते, मग घरचे म्हणतात याला दोन डोकी आहेत. दुसरी गोष्ट जरा संकोचाची. नर मेल्यावर त्याचं लिंग बाहेर येतं आणि ते चांगलं लांब असतं. आजवर कितीतरी जणांनी त्याला सोंड, शेपूट किंवा साप ठरवलं आहे. आजीसमोर हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

सूर्यमासा क्वचित दिसतो, पण दिसला की चुकत नाही: अंग मागून कोयत्याने तोडल्यासारखं, शेपूट नाहीच, वर आणि खाली एकेक उंच पर. लांबच लांब चपटा, चकचकीत, रिबनीसारखा मासा असेल तर आधी वाकटी धरा. आठवडे बाजारात सुकट-बोंबलाच्या ढिगाशेजारी तीच वाळलेली असते. कित्येक माणसांनी ओळीने उचलून धरावा एवढा असेल आणि डोक्यावर लांब तुरे असतील, तर ओअरफिशचा विचार करता येईल.

त्या ओअरफिशचा एक फोटो जगभर फिरला आहे. अमेरिकेच्या नौदलाचे जवान रांगेत उभे राहून सुमारे सात मीटरचा मासा हातांवर धरून आहेत. फोटो १९९६ चा, कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या कोरोनाडोचा. थायलंडमध्ये तोच फोटो "मेकाँग नदीतली नागराणी, लाओस, १९७३" अशा मथळ्याने विकला गेला. फोटो अस्सल, मासा अस्सल, खालची ओळ तेवढी खोटी. म्हणून माहेरच्या अल्बममधला फोटो तुमच्याच घरच्यांनी काढलाय की जत्रेतून, दुकानातून विकत आणलाय हे आधी विचारा. छापील पोस्टकार्ड पाठीवरच्या पत्त्याच्या रेघांवरून कळतं.

जत्रेवरून आठवलं. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या ठिकाणी तंबूत "समुद्राचा राक्षस" दाखवायचे, असं सांगत एका काकांनी काचपेटीतल्या वाळक्या प्राण्याचा फोटो आणला होता. दोन डोळे, खाली वाकडं हसू, बाजूला पंख. अशा वस्तू युरोपात सोळाव्या शतकातही विकल्या जात. पाकट वाळवायचा, त्याला कापून, पिळून हवा तो आकार द्यायचा आणि पोटाची बाजू पुढे करून लावायचा. जे डोळे वाटतात त्या नाकपुड्या असतात. खरे डोळे पाठीमागे राहतात, प्रेक्षकाला दिसतच नाहीत. जत्रेतल्या वस्तूचा फोटो असेल तर पहिला संशय नेहमी पाकटावर घ्या, आणि "जलपरी" असेल तर माकडाचा वरचा भाग आणि माशाचा खालचा भाग यांच्यामध्ये टाका शोधा.

सडलेला असेल तर

मान लांब, डोकं लहान, चार वल्ही: असा फोटो आला की घरातली मुलं प्लेसिओसॉर म्हणतात, म्हणजे डायनासोरच्या काळातला समुद्री सरपटणारा प्राणी. पुस्तकात तसंच चित्र असतं. पण शार्क कुजताना आधी जबडा आणि कल्ल्यांच्या कमानी गळतात. मग उरते छोटी कवटी, त्यामागे पाठीचा कणा, म्हणजे "मान", आणि शेपटीचा खालचा भाग गळला की "लांब शेपूट". १८०८ मध्ये स्कॉटलंडजवळच्या स्ट्रॉन्से बेटावर असंच धूड लागलं आणि त्याला समुद्री साप ठरवलं गेलं. तो बास्किंग शार्क होता असं पुढे मानलं गेलं.

२५ एप्रिल १९७७ ला झुइयो मारू या जपानी मासेमारी जहाजाच्या जाळ्यात न्यूझीलंडजवळ सुमारे दहा मीटरचं सडकं धूड आलं. बाकीची मासळी नासू नये म्हणून ते परत समुद्रात टाकलं, पण त्याआधी जहाजावरच्या एकाने फोटो काढले, मापं घेतली आणि पराचे थोडे तंतू ठेवले. फोटोंवरून जपानमध्ये डायनासोरचा गाजावाजा झाला. तंतूंच्या तपासणीत शार्कशी जुळणारं प्रथिन निघालं. फोटो एकटा असता तर तो वाद आजही चालू राहिला असता.

फोटोतलं जनावर सडलेलं आहे हे ओळखायला लोकांच्या तोंडाकडे बघा. नाकावर पदर किंवा उपरणं असेल, सगळे वाऱ्याच्या एकाच बाजूला उभे असतील, तर आकारावर भरवसा ठेवू नका. अंगावर लोंबणारे केसासारखे तंतू दिसले तर ते बहुधा केस नसतात, पराचे उलगडलेले धागे किंवा स्नायूंचे तंतू असतात.

मापाचं गणित

फोटोत काहीतरी माहितीतल्या मापाचं असावं लागतं, आणि ते प्राण्याइतक्याच अंतरावर असावं लागतं. दुसरी अट लोक पाळत नाहीत. मासा हात लांब करून कॅमेऱ्याकडे धरला की तो दुप्पट होतो, हे सगळ्या मासेमारांना माहीत आहे. स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातल्या तथाकथित लांब मानेच्या राक्षसाचा १९३४ चा प्रसिद्ध फोटो कापून छापला गेला, म्हणून मान मोठी वाटली. न कापलेल्या फोटोत भोवतीच्या लाटांवरून वस्तू लहान असल्याचं दिसतं. १९९४ मध्ये बाहेर आलं की ती खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली मान होती. तुमचा फोटो कात्रीने कापलेला असेल तर मूळ निगेटिव्ह शोधा, कडेला काय होतं ते महत्त्वाचं असतं.

याच्या उलट उदाहरण १८७४ चं. न्यूफाउंडलंडला मोझेस हार्वे या पाद्रीबाबांनी महाकाय माकूल (स्क्विड) विकत घेतलं आणि न्हाणीघरातल्या पडद्याच्या दांडीवर टांगून त्याचा फोटो काढवला. दांडी घरातली, माणसाच्या उंचीच्या जगातली, म्हणून पाहणाऱ्याला त्या भुजांच्या लांबीचा अंदाज आपोआप येतो.

फैजपूरकडच्या एका घरातला फोटो घेऊन गणित दाखवते. वाळूवर पोटावर पडलेला जाड, गुळगुळीत प्राणी. शेजारी धोतर-टोपीतले आजोबा, हातात मिटलेली छत्री, टोक वाळूत, प्राण्याच्या अंगाला जवळजवळ लागून. मागे रेल्वेचा डबा. मागच्या बाजूला पेन्सिलीने "धनुष्कोडी".

माप डब्यावरून घ्यायचं नाही, तो खूप मागे आहे. छत्री चालेल. लांब दांड्याची मिटलेली छत्री साधारण ९० सेंटिमीटर धरू. स्कॅनमध्ये छत्री ५२० पिक्सेल, प्राणी नाकापासून शेपटीच्या कडेपर्यंत १५००. १५०० भागिले ५२० गुणिले ९०, म्हणजे २६० सेंटिमीटरच्या आसपास. प्राणी कॅमेऱ्याला थोडा तिरका आहे आणि तिरकेपणाने लांबी कमीच दिसते, तेव्हा खरी लांबी याहून थोडी जास्तच. छत्री नसती तर आजोबांचं पाऊल घेतलं असतं, पाव मीटरच्या आसपास.

आता डब्याचा उपयोग. रामेश्वर बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडीपर्यंतची रेल्वे २३ डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा बांधली गेली नाही. डबा उभा आहे म्हणजे फोटो त्याआधीचा. जागा पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारचं आखात यांच्या मधली. हे कळल्यावर प्राण्याकडे वळले. शेपूट आडवी, मधे खाच. पाठीवर पर नाही. इथपर्यंत दोनच मोठे उमेदवार उरतात: बिनपराची पोर्पॉइज, डॉल्फिनची छोटी भाऊबंद, जी आपल्या किनाऱ्यावरही असते, आणि डुगाँग. पोर्पॉइज दोन मीटरच्या पुढे सहसा जात नाही आणि तिचं कपाळ गोल असतं. फोटोतलं थोबाड खाली वळलेलं, रुंद, बोथट. पुढचे पर वल्ह्यासारखे, नखं नसलेले. डुगाँगची नातेवाईक मॅनाटी म्हणावं तर तिची शेपूट गोल असते आणि ती हिंदी महासागरात नसते. उरला डुगाँग. त्याच्या कुळातला आज जिवंत असलेला तो एकटाच प्राणी, म्हणून इथे थेट जातीपर्यंत नाव देता आलं. त्याच पाल्कच्या उपसागरात २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन क्षेत्र जाहीर केलं आहे.

घरी तो "पाण्यातला डुक्कर" म्हणून ओळखला जायचा. ते नावही मी त्यांना नोंदवून ठेवायला सांगितलं.

नाव कुठपर्यंत लावायचं ते फोटो ठरवतो. डुमसचा एक फोटो माझ्याकडे आला, त्यात गर्दीच्या पायांमधून फक्त एक पाठ आणि एक त्रिकोणी पर दिसतो. कल्ले नाहीत, शेपूट नाही. त्यावर मी "मोठी मोरी असावी" एवढंच लिहिलं. घरचे खट्टू झाले. व्हावं लागतं कधी कधी.

ताडून कुठे बघायचं, कुणाला विचारायचं

माशांसाठी फिशबेस ही जागा चांगली, जातवार आकार, कमाल लांबी आणि कुठे सापडतो ते मिळतं. कुठल्या किनाऱ्यावर काय नोंदलं गेलंय हे जीबीआयएफ या जीवनोंदींच्या जागतिक संकेतस्थळाच्या नकाशांवर दिसतं. पण जुन्या फोटोसाठी खरा खजिना वेगळा आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ मध्ये सुरू झाली आणि बरीच वर्षं मंडपमला, म्हणजे धनुष्कोडीच्या दाराशीच, होती. आज ती कोचीला आहे. कुठल्या बंदरात कुठला मोठा मासा आला, कुठे देवमासा लागला, अशा छोट्या छोट्या टिपा तिच्या पत्रिकांत वर्षानुवर्षं छापल्या गेल्या आणि त्या ऑनलाइन वाचायला मिळतात. तुमच्या फोटोचं गाव आणि साल घालून शोधा. एखाद्या वेळी तुमच्याच जनावराची टीप सापडते, मापांसकट. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची. तिच्या नियतकालिकात त्याहून जुन्या नोंदी मिळतात. सस्तन प्राण्यांच्या किनाऱ्याला लागण्याच्या नोंदी मरीन मॅमल रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन नेटवर्क ऑफ इंडिया एकत्र ठेवतं.

चित्रांवर समाधान होत नसेल तर रत्नागिरीला जाणं झालं की झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा बघून या. जबडा किती मोठा असतो हे फोटोवरून डोक्यात शिरत नाही.

तज्ज्ञाला विचारायचं तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आपल्याला जवळ, पुण्यात आकुर्डीला आहे. पत्र लहान लिहा. पूर्ण फोटो, पाठीमागची बाजू, आणि प्राण्याचा मोठा केलेला भाग अशा तीन प्रतिमा जोडा. जागा, साल आणि ते कशावरून काढलं ते एकेका ओळीत लिहा. लांबीचा हिशेब द्या. स्वतःचा अंदाज शेवटी लिहा किंवा लिहूच नका. "हा डायनासोर आहे का" अशा विषयाचं पत्र उघडलं जाईल अशी अपेक्षा धरू नका.

फोटो फारच पुसट असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून, खिडकीच्या उजेडात, फक्त जे दिसतं तेवढं रेखाटा आणि तेही पाठवा. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनच्या संग्रहालयातल्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांनी एका अनोळखी माशाचं साधं रेखाटन जे. एल. बी. स्मिथ यांना पाठवलं. त्यातल्या हातापायांसारख्या परांवरून आणि शेपटीच्या जादा पात्यावरून त्यांनी सीलकँथ ओळखला. तो मासा कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असं तोवर मानलं जात होतं. रेखाटन काही सुंदर नव्हतं. जे महत्त्वाचं ते त्यात होतं.

उत्तर आलं की फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा: प्राण्याचं नाव, खात्री किती, कशावरून, कुणी सांगितलं, आज कोणती तारीख. बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो. जुनी ओळ खोडू नका, चुकीची असली तरी.

आता शेवटचं, कारण हे हमखास विचारलं जातं. फोटोतल्या करवत माशाची करवत, शंख, कासवाची पाठ अजून घरात भिंतीला असते, आणि ओळख पटली की कुणीतरी "याचे किती येतील?" म्हणून विचारतं. करवत मासा, व्हेल शार्क, डुगाँग हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचे अवयव विकणं गुन्हा आहे, आजोबांनी कधी आणले याला विक्रीत अर्थ नाही. ऑनलाइन जाहिरात टाकू नका, कुणा खरेदीदाराला फोटोही पाठवू नका. वस्तू जागेवरच ठेवून वनविभागाच्या जवळच्या कार्यालयात जुन्या फोटोची प्रत घेऊन जा आणि पुढे काय करायचं ते लेखी विचारा. तारीख लावलेला फोटो तिथे तुमच्याच कामाला येतो.